मालुआत्याचा वड

माझी आत्या मालुबाई लग्न होऊन जांबोटीच्या अलीकडच्या वाडीत आली, ती भाताच्या रोपलावणीच्या तोंडावर. हातावरची मेंदी अजून उतरली नव्हती आणि दिवसभर पाय चिखलात. थोड्याच दिवसांत तिच्या टाचा अशा फुटल्या की पाऊल टेकलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

सासू यल्लव्वा बैलहोंगलकडची, बोलणं अर्धं कानडी. तिनं सुनेला काही विचारलं नाही. ‘बा इल्ली हुडगी,’ म्हणजे इकडं ये पोरी, असं म्हणत हाताला धरून रस्त्याकडेच्या वडाखाली नेऊन बसवलं. वडाला ती ‘आलद मर’ म्हणायची. तिनं आधी झाडाला हात लावून तो कपाळाला लावला, मग चार पानं खुडली आणि देठातून ठिबकणारा पांढरा चीक सुनेच्या भेगांत भरला.

‘आधी जरा चुणचुणलं रं, कृष्णात,’ आत्या मला सांगायची. ‘मग मान वर केली. केवढा त्यो वड! आभाळ दिसंना. आन् एवढा थोरला असून माझ्या टाचंसाठी थेंब थेंब दूध देतोय. मला भरूनच आलं.’

टाचा भरून आल्या, पण आत्याचं त्या झाडाकडं बघणं तेव्हापासून जे बदललं ते बदललंच. सासूच्या मागं मागं फिरून ती शिकली. पोट ढाळायला लागलं तर सालीचा काढा. हिरड्यांतून रक्त येत असेल तर पारंबीचं कोवळं टोक चावायला. गळवावर पान तेल लावून, गरम करून बांधायचं. साल काढायची ती फांदीची, हातभर पट्टी, आणि त्या फांदीला पुन्हा वर्षभर शिवायचं नाही. झाडानं दिलं तेवढंच घ्यायचं, हे यल्लव्वाचं सांगणं.

यल्लव्वा गेल्यावर लोक आत्याकडं यायला लागले. तिला आपली हद्द ठाऊक होती. एखाद्या लेकराचे डोळे खोल गेलेले दिसले की ती काढ्याचं नावच काढत नसे. मीठ-साखरेचं पाणी पाजत पाजत स्वतः लेकराला घेऊन बसच्या थांब्यावर उभी राहायची. ‘ह्ये वडाच्या हातातलं न्हाय. दवाखान्यात न्यायचं,’ म्हणायची, आणि खानापुरापर्यंत सोबत जायची.

मग रस्ता रुंद करायचं काम आलं. वडाचा बुंधा वाचला, पण रस्त्याच्या अंगाच्या सगळ्या फांद्या मशीनच्या करवतीनं उतरवल्या. ज्या जुन्या पारंब्या जमिनीत शिरून खांबासारख्या झाल्या होत्या, त्याही त्याच बाजूला होत्या. त्याही गेल्या. दिवसभर कापल्या जागेतून चीक ओघळत होता. बुंधा पांढरा झाला.

आत्या बांधावर उभी होती. कुणाशी भांडली नाही, रडलीही नाही. माणसं गेल्यावर तिनं शेण आणि तांबडी माती कालवली, शिडी लावून हात पोचेल तिथवर सगळ्या जखमा लिंपल्या. खाली उतरताना तिला दिसलं, बुंधा आतून पोकळ झालाय. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला.

‘ह्यो आता लई दिस उभा ऱ्हायचा न्हाय,’ ती नवऱ्याला, नागोजीमामांना म्हणाली.

‘मग काय करायचं? झाडाला टेकू देतीस?’ मामा हसत म्हणाले.

आत्या वर बघत होती. शेताकडच्या दोन मोठ्या फांद्या शाबूत होत्या, आणि त्यांना बारीक, सुतळीएवढ्या पारंब्या फुटल्या होत्या. जमीन अजून कितीतरी खाली. त्याआधीच शेरडं टोकं खायची, नाहीतर पोरं झोका घ्यायला ओढायची.

‘टेकू त्येचा त्योच देईल,’ ती म्हणाली. ‘तुमी मला बांबू तेवढं आणून द्या.’

मामांनी बांबू आणले. दोघांनी ते उभे चिरून आतले पडदे फोडले, त्यांत माती आणि कुजलेलं शेण भरलं, प्रत्येक पारंबीचं टोक आत सोडलं आणि दोन्ही चिरफळ्या पुन्हा जुळवून, सुंभानं बांधून बांबू जमिनीत रोवले. लांबून बघितलं तर वडाखाली कुणी मांडव घालायला घेतलाय असं वाटायचं. लोक चेष्टा करायचे. उन्हाळ्यात आत्या शिडीवर चढून घागरीनं त्या बांबूंच्या तोंडात पाणी ओतायची. पुढं बांबू कुजून गळून पडले, तोवर पारंब्यांनी माती धरली होती. वर्षं गेली. सुतळीची दोरी झाली, दोरीचा वासा झाला. लोक हे सगळं विसरूनही गेले.

गेल्या श्रावणात मी शहरात, अनगोळच्या घरी असताना मामांचा फोन आला. ‘कृष्णात, वड पडला रं. ये जमलं तर.’

मी निघालो. वाटेत एकच विचार, आत्याला काय सांगायचं. बसमधून उतरलो तर वाडीतली माणसं रस्त्यावर जमलेली. जुना बुंधा मधोमध फाटून रस्त्याकडेच्या खड्ड्यात आडवा पडला होता. आतून नुसता भुसा. आणि त्याच्या पलीकडं, शेताच्या अंगाला, वड उभा होता.

हो, उभा होता. त्या दोन फांद्या आपल्या जागी तशाच पसरलेल्या, हिरव्यागार, पावसानं निथळत. बुंध्यापासून तुटलेली टोकं उघडी पडली होती, पण खाली पारंब्यांचे खांब, माझ्या मांडीपेक्षा जाड, सगळा भार पेलून निवांत. वर पाखरं ओरडत होती, जणू खाली काही घडलंच नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

आत्या एका खांबाला हात लावून उभी होती. मी जवळ गेलो.

‘आत्या, तू वाचवलंस याला.’

‘मी न्हाय रं बाबा,’ ती हळूच म्हणाली. ‘मी नुस्तं बांबू लावलं. बघ की ह्येच्याकडं! मेला म्हणावं तर ह्यो जित्ता, आन् जुना म्हणावं तर ह्यो नवा. मला तर ह्येचं काय कळंनाच झालंय.’ इतकी वर्षं ज्या झाडाखाली ती रोज जात होती, त्याच्याकडं ती पहिल्यांदा बघावं तशी बघत होती.

पडलेला बुंधा हलवायच्या आधी तिनं त्याची चांगली साल सोलून घेतली, सावलीत वाळवली आणि मागायला येईल त्याला दिली. त्या वर्षात उभ्या झाडाला तिनं कोयता लावू दिला नाही.

मग या जूनमध्ये वटपौर्णिमा आली. वाडीतल्या बायका पूजेची ताटं घेऊन आल्या आणि झाडाखाली येऊन थबकल्या. दोरा गुंडाळायचा कुठल्या बुंध्याला? खांबच खांब. अक्काताई म्हणून शेजारीण आहे, तिनं हाक मारली, ‘मालुआक्का, खरा वड ह्यातला कंचा गं?’

आत्यालाही सांगता येईना. ती एका खांबाकडं गेली, मग दुसऱ्याकडं, आणि हसायला लागली.

‘समद्यास्नी घेऊन गुंडाळा की!’

मग बायकांनी सगळ्या खांबांना घेऊन मोठ्ठा फेरा धरला, बांधावरून, चिखलातून, लुगडी सावरत. पहिल्या फेऱ्यातच दोरा संपला, आणि अक्काताई दुसरं रीळ आणायला घराकडं पळाली.