तीन बोटांचा मुकादम

प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या तोंडी परीक्षेला परीक्षक म्हणून बोलावणं आलं, ते माझ्याच जुन्या कॉलेजातून. कोल्हापूरच्या वेशीवरचं हे कॉलेज सोडून मला वीस वर्षं झाली. परीक्षा घ्यायची आणि शेवटी एका फॉर्मवर मत लिहायचं: विद्यापीठ उद्याचे प्रोजेक्ट मॅनेजर नीट घडवतं का? माझ्या साइटवर येणारी नवी पोरं स्लॅबखालचं सेंटरिंग कधी काढायचं हे गवंड्याला विचारतात. त्यामुळे मी जीभ परजूनच गेले होते.

पहिल्या मुलाचा रिपोर्ट उघडला. साइट व्हिजिट: मुरगूडजवळच्या पाण्याच्या टाकीचं बांधकाम. टाकी अर्धी झाली आहे. मुकादमाच्या डाव्या हाताला तीनच बोटं आहेत. काम कधी होणार असं विचारलं, तर तो "हुतंय की" एवढंच म्हणतो.

मी ते पान पुन्हा वाचलं. कारण हा मुकादम कधी जगातच नव्हता. शेवटच्या वर्षाला होस्टेलच्या खोलीत, उशीला टेकून, मी तो रचला होता. टाकीच्या कामाचा बोर्ड एसटीच्या खिडकीतून दिसला होता, तेवढीच माझी साइट व्हिजिट. सरांनी "बारीक निरीक्षण" असा शेरा मारून माझा रिपोर्ट नमुना म्हणून कपाटात ठेवला होता.

दुसऱ्याचा रिपोर्ट तोच. तिसऱ्याचाही. वीस वर्षं झाली तरी टाकी अर्धीच होती.

"मुकादम भेटला का?" मी एकेकाला विचारत गेले.

"व्हय मॅडम."

"बोटं किती?"

"तीन की." कुणी अडखळलंसुद्धा नाही. कालच बघून आल्यासारखं सांगत होते, आणि मला भर उन्हाळ्यात वर्गातला पंखा बंद करावासा वाटला.

सगळ्यात शेवटी हुपरीची एक मुलगी आली. तिच्या घरात पैंजण घडवतात. तिला पुण्यात नोकरी ठरली होती, पण हा विषय सुटला तरच. तिच्या रिपोर्टवर इथल्या सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: "मुकादमाचं वर्णन नाही. अपूर्ण. नापास करावे."

"टाकी कवाच पुरी झालीया मॅडम," ती म्हणाली. "मी खरंच गेलतो."

आमच्याकडच्या पोरी 'गेलतो'च म्हणतात, मीही म्हणायचे. तिनं फोटो दाखवले. शेवाळलेली टाकी, भेगेतून उगवलेला पिंपळ. सगळ्या वर्गात ही एकटी साइटवर गेली होती, आणि माझी थाप तिच्या रिपोर्टात नाही म्हणून तिचीच नोकरी जाणार होती. मला माझी लाज वाटली.

"म्हणजे मुकादम तिथं नव्हताच ना?" मी जवळजवळ गयावया करत विचारलं.

तिनं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "टाकीखाली एक म्हातारं बसलंतं. मी लिवणारच हुतो, पन त्येंनीच नको म्हटलं. म्हणालं, 'माझ्याबद्दल एका बाईनं आधीच लिवलंय. तिला म्हणावं, एकदा यून जा. व्हिजिट बुकात तिची सही ऱ्हायलीया.'"

बोटांचं मी तिला विचारलं नाही. हिंमतच झाली नाही.

तो लाल शेरा खोडून मी तिला पैकीच्या पैकी गुण दिले. मग मताचा फॉर्म पुढे ओढला. विद्यापीठ प्रोजेक्ट मॅनेजर कसे घडवतं? मी लिहिलं, "माझ्यासारखे. मी साइटवर गेले नव्हते." त्याखाली लिहिलं की बाकीच्या सगळ्यांनी मुरगूडला जाऊन, बघून, नवा रिपोर्ट द्यावा. जाणाऱ्यांची यादी तिथंच केली, आणि तिच्यात पहिलं नाव माझं घातलं.