कनवटीचं हळकुंड

सांगलीत मला तारलं ते हळद निवडणाऱ्या एका मावशींनी. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्र्याहत्तर साली सातवीतून शाळा सोडून मी पाटणहून हळदीच्या वखारीत कामाला आलो. पहिल्याच दिवशी मुकादम म्हणाले, "निकषाला उतरेल तेवढाच माल निवड. चुकलास तर उद्या येऊ नकोस."

निकष म्हणजे काय, हे विचारायचीही भीती! शेजारच्या मावशींनी कनवटीचं जाडजूड हळकुंड काढून माझ्या हातावर ठेवलं. "ह्यो तुजा निकष. ह्याच्यासंगं ताडून बग."

संध्याकाळी ढीग चाळून मुकादमांनी मान डोलावली. तरी मी पुटपुटलो, "थोरला भाऊ फौजेत हाय. त्याच्यापुढं मी कायच न्हाई."

मावशी खळखळून हसल्या. "आरं येड्या, हळकुंडं ताडायची. भावाभावांला ताडतंय व्हय कुनी?"

ते हळकुंड माझ्याकडंच राहिलं. एक दिवस माझ्या रानातलं, याहून जाड हळकुंड मावशींच्या हातावर ठेवीन, असं तेव्हाच मनाशी ठरवलं.