कवेलू फेरील त्याचं घर

चिंतामणीरावांचे पणजोबा दौलतराव यांनी बोरसीपलीकडच्या शेतात घर बांधलं आणि नियम घालून दिला: दर उन्हाळ्यात छपरावर चढून जो कवेलू फेरील, म्हणजे कौलं काढून, फुटकी बदलून पुन्हा रचील, घर त्याचं. कागद नाही, वाटणी नाही. पणजोबांनंतर आजोबा चढले, मग वडील. वडिलांचे गुडघे गेले तेव्हा पाळी थोरल्या चिंतामणीची होती. पण तोवर ते भिलाईच्या स्टील प्लान्टात लागले होते.

प्लान्टातल्या माणसाचा जीव क्वार्टरवर जडतो. चिंतामणीरावांनी सेक्टर सहातल्या क्वार्टरच्या अंगणात आंबा लावला, पेरू लावला, मागं ओटा बांधला. घरजावयानं सासऱ्याच्या घराची केली नसेल इतकी सेवा त्यांनी कंपनीच्या घराची केली. शेतावर जायचं निघालं की म्हणायचे, "यंदा शिफ्ट आहे नं बाप्पा. माणिक चढते." धाकटा माणिक वर्षानुवर्षं चढला.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागतं, हे अख्ख्या भिलाईला माहीत असतं. फक्त ते शेजाऱ्याला सोडावं लागणार, असं प्रत्येकाला वाटतं. चिंतामणीराव वैशाली नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत आले. "तात्पुरतं आहे," असं घरमालकालाच समजावत राहिले, आणि एका सकाळी सुशीलाबाईंना घेऊन बोरसीला गेले.

माणिक आता नव्हता. त्याच्या मुलानं, राजकुमारनं, शेतात लॉन केलं होतं, कारंजं बसवलं होतं. घर लग्न-साखरपुड्याला भाड्यानं जात होतं.

"राजकुमार, आता आमी इथंच राहाव म्हणतो."

"मोठे बाबा, कवेलू फेरील त्याचं घर, हे तुमीच सांगत होते नं?"

"मंग आन शिडी!"

"अहो, कावून चढून राहिले? गुडघे पाहा आधी!" सुशीलाबाई ओरडल्या. तोवर ते वर पोचले होते.

पहिल्या कवेलूला त्यांनी हात घातला. उचललं जाईना. दुसरंही जाईना. वाकून पाहिलं, तर खाली टिनाचा पत्रा, आणि एकेक कवेलू त्यावर स्क्रूनं कसलेलं.

"अरे, हे फेरता कसं?"

"फेरायचं नाहीच आता. सिर्फ लुक के लिए है, फोटो मस्त येते," राजकुमार खालून म्हणाला. "उतरा लवकर, लग्नाची पार्टी येऊनच राहिली."

"मंग घर कोनाचं, ते कसं ठरवतो आता?"

राजकुमारचा फोन वाजत होता. तो झेंडूवाल्याशी बोलत फाटकाकडे गेला. जाता जाता वळून म्हणाला, "जेवूनच जा बरं का, दोघंही!" मुलगा वाईट नाही. त्यानं मनापासून सांगितलं.

दुपारी दोघं प्लेटा घेऊन लग्नाच्या पाहुण्यांच्या रांगेत उभे राहिले. वडील ज्या जागी बैल बांधत, तिथं पनीर होतं. फेटा बांधलेल्या एका गृहस्थानं आपुलकीनं विचारलं, "आप लोग किस तरफ़ से हैं?"

चिंतामणीराव छपराकडे पाहत राहिले.

"लड़कीवाले," सुशीलाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या प्लेटीत एक पुरी टाकली.