बैलाला दिलेली भूल

सन २०२२. मी तेव्हा एकाहत्तर वर्षांचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पुरी नाही. पण बैल मला कोणी शिकवू नये.

माझ्या जोडीतला डावा बैल पोळा झाल्यापासून मान झटकत होता. मग एका नाकपुडीतून रक्त आलं आणि डावं शिंग मुळाशी हलायला लागलं. त्याला घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथं दोन डॉक्टर होते. मोठे डॉक्टर आपल्याच वर्धा जिल्ह्यातले. जनावरांशी बोलून बोलून माणसांशीही तसेच बोलायचे. दुसऱ्या मॅडम, सांगलीकडच्या, नवीन आलेल्या. त्यांची भाषा पुस्तकासारखी सरळ.

मोठ्या डॉक्टरांनी शिंगाला हात लावला तसं बैलानं अंग चोरलं.

"बाबाजी, शिंगाचा कॅन्सर हाये. शिंग ठेवसान तर बैल जाईन. बैल पाह्यजे तर शिंग काढा लागते."

मी म्हटलं, काढा. दारात एका शिंगाचा बैल चालेल, रिकामा खुंटा मला चालणार नाही.

इथपर्यंत सगळं बरोबर होतं. मग सुई भरता भरता मॅडम म्हणाल्या, "काळजी करू नका बाबा. आधी त्याला भूल देते."

आमच्याकडे सुई टोचून निजवतात त्याला बेहोशी म्हणतात. भूल ही वेगळी. रानात भुलनवेलीवर पाय पडला की माणसाला भूल पडते. मग तो आपल्याच गावाभोवती फिरतो आणि त्याला आपलं गाव ओळखू येत नाही. माझ्या काकाला अशी पडली होती. रात्रभर आमच्याच वावरात फिरला आणि सकाळी मलाच विचारलं, तू कोणाचा?

"भूल काऊन देता?" मी विचारलं.

"म्हणजे त्याला काही कळणार नाही."

"मंग मले ओळखन का तो?"

मॅडम मोठ्या डॉक्टरांकडे पाहू लागल्या. ते म्हणाले, "बाबाजी, भूल म्हंजे बेहोशीच. यायच्या तिकडं भूल म्हणतात."

"बेहोशीत कोन कोनाले ओळखते?"

मॅडमनी पुस्तकातलं काहीतरी सांगितलं, पण त्यात बैल मालकाला ओळखतो की नाही, ते नव्हतं.

मग मी माझं सांगितलं. सुई टोचा, शिंग कापा, पण मी त्याच्या तोंडासमोर उभा राहीन. डोळे मिटताना त्यानं मला पाहावं आणि उघडताना मलाच पाहावं. बैल ज्या लोखंडी पायपांच्या खोड्यात उभा केला होता, त्याच्या पुढच्या दांड्याखालून मी आत शिरलो.

"बाबा, खोड्यात फक्त जनावर उभं करतात," मॅडम म्हणाल्या.

"मंग मले जनावर समजा."

सुई टोचली. बैलाचे डोळे जड झाले, जीभ बाहेर लोंबली आणि त्यानं आपलं आख्खं डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. मागं दांडा, पुढं बैल. आता मला निघायचं असतं तरी निघता आलं नसतं. मला निघायचंच नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

"राहू द्या मॅडम," मोठे डॉक्टर म्हणाले, "डोकं धराले मानूस पाह्यजेच होता." आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हो, हो, सरक. सरक बाप्पा."

मी सरकलो.

तेवढ्यात एक बाई शेळी घेऊन आली. तिला बैल दिसला नसावा, माझं डोकं तेवढं दिसलं. "बाबाजीले काय झालं?" तिनं विचारलं.

"शिंग काढून राह्यलो," मोठे डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

तिनं माझ्या टोपीकडं पाहिलं आणि शेळी घेऊन गुपचूप लांबच्या बाकावर जाऊन बसली.

शिंग तारेनं कापतात. एक टोक मॅडमच्या हातात, एक मोठ्या डॉक्टरांच्या. जळक्या केसासारखा वास सुटला. मी बैलाशी बोलत होतो. विहिरीजवळच्या तुकड्यात तूर कशी आली ते सांगितलं. त्याचा जोडीदार सकाळपासून हंबरून राह्यला, तेही सांगितलं.

"बाबा, जरा गप्प राहा. त्याला ऐकू येत नाही," मॅडम म्हणाल्या.

"तुमाले का मालूम?"

"कान हलवू नको," मोठे डॉक्टर म्हणाले. ते बैलाला की मला, हे मी विचारलं नाही.

शिवून, पट्टी बांधून झालं. बऱ्याच वेळानं बैलानं डोळे उघडले. मी समोरच होतो. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आणि माझ्यातून पलीकडच्या भिंतीकडं पाहिलं.

"मॅडम, हा मले ओळखून नाई राह्यला."

"अजून अंमल आहे, बाबा. उद्यापर्यंत उतरेल."

"नाई उतरला तं?"

मॅडम हसल्या नाहीत, हे त्यांचं चांगलं. म्हणाल्या, "मग मला सांगा. मी येते घरी."

संध्याकाळी टेम्पोतून उतरवला तेव्हा मी पुढं केलेल्या सरकीच्या ढेपेकडंही त्यानं पाहिलं नाही. आमची म्हातारी म्हणाली, मानसाले घाव लागला तं मानूस बोलते का? मी तिच्याशी वाद घातला नाही. रात्रभर पडून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडल्याबरोबर तोंड धुतलं, धुतलेलं धोतर नेसलो, टोपी घातली आणि त्याच्या उजव्या बाजूनं, जिकडचं शिंग शाबूत होतं तिकडून, समोर जाऊन उभा राहिलो. माझं पूर्ण नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, त्याची माय कोणती ते सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या धोतराचा सोगा तोंडात धरून चावायला लागला. तेव्हा मी त्याच्यापुढं ढेप ठेवली.