पाळण्याशी बोललेले चार शब्द

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलं नाही, आणि त्यांच्याबरोबर चाळीसच्या वर वर्षं संसार केला. देवापुढे बसते तेव्हाही बाकी सगळं बोलते, एवढं गाळते. तुला सांगतेय ते तू मला ओळखत नाहीस म्हणून. ओळखीच्या माणसाच्या तोंडाकडे बघून सांगायचा धीर अजून नाही — या वयातही नाही.

शहाद्याकडचं आमचं गाव. सासरी काळी जमीन, कापूस, गोठ्यात चार म्हशी. मी सोळा-सतराची असेन तेव्हा गावात पिलारबाई आली. गोरी, म्हणून सगळे तिला मडम म्हणायचे, आणि गोरी म्हणजे इंग्रज असंच धरून चालायचे. ती होती स्पेन देशाची. गुजरातेतून इकडे आली, तेल्याचं रिकामं घर भाड्याने घेतलं आणि दवाखाना मांडला. दवाखाना म्हणजे काय — एक कपाट, एक बाक आणि ती स्वतः.

मराठी पुस्तकावरून शिकून आलेली. बाजारात भाजीवालीला हात जोडून म्हणायची, "आपणांस भेटून फार आनंद झाला." भाजीवाली आमच्याकडे बघायची. "हाई काय म्हनी ऱ्हायनी व?" आणि सगळा बाजार हसायचा. बाईही हसायची, कशाला हसतात ते न कळता.

आमच्या घरचं दूध तिच्याकडे जायचं आणि ते पोचवायचं काम माझं. तिथेच आमची देवाणघेवाण सुरू झाली. मी तिला आमची अहिराणी शिकवली — 'आपण कशा आहात' नाही म्हणायचं बाई, 'कशी शेस व' म्हणायचं. तिने मला तिचं शिकवलं. सकाळी बुएनोस दियास. दुपार कलली की बुएनास तारदेस. नवीन माणूस भेटलं की मुचो गुस्तो. नाव विचारायचं असेल तर कोमो से यामा. तिने मला नवऱ्याचं नाव विचारलं आणि मी पदर तोंडात कोंबला, तेव्हा तिला वाटलं मी धडा विसरले. तिच्या देशात तेव्हा आपसातच लढाई पेटलेली, घरचं पत्र कितीतरी महिने आलेलं नाही. मी दारातून बुएनोस दियास म्हटलं की हातातलं काम टाकून उठायची. तिच्या भाषेत तिला हाक देणारं माझ्याशिवाय होतं कोण?

एकदा तिने माझी हनुवटी वर केली आणि म्हणाली, के ओहोस तान बोनितोस. किती सुंदर डोळे. मी आधी घाबरलेच. आमच्याकडे कुणी कुणाच्या रूपाबद्दल तोंडावर बोलत नाही, आणि लेकराच्या तर नाहीच नाही. गोंडस पोर दिसलं की म्हणायचं, काय काळंबेंद्रं शे. नाहीतर दृष्ट लागते. पण खरं सांगू? त्या दिवशी घरी येईपर्यंत मी ते चार शब्द घोकत आले. मला तसं कुणी कधी म्हटलं नव्हतं.

आता मुद्द्यावर येते. येतेच आहे.

माझ्या मोठ्या जाऊबाई, जिजी म्हणायचो आम्ही. त्यांची दोन लेकरं गेलेली. तिसरा मुलगा झाला तेव्हा सासूबाईंनी त्याला उकिरड्यावर ठेवून उचलला आणि नाव ठेवलं उखा, म्हणजे कुणाचं लक्ष जायला नको. नाक टोचलं, कपाळाला हाताएवढी काजळाची तीट. आणि मी? लग्नाला तीन वर्षं होऊन कूस रिकामी. तोंडावर कुणी बोलत नव्हतं, पण मी पाळण्याकडे गेले की जिजी काहीतरी निमित्त काढून उखाला उचलायच्या. कळत होतं मला. का नाही कळणार?

एका दुपारी जिजी विहिरीवर होत्या आणि उखा जागा होता. काय डोळे होते त्याचे — टपोरे, ओले, माझ्यावरच लावलेले. मला राहवेना. आपल्या बोलीत म्हणायची सोय नाही. मग मी वाकून त्याच्या कानाशी म्हटलं, के ओहोस तान बोनितोस. मला वाटलं, दृष्टीला कुठे स्पेनची भाषा कळणार? असं वाटलं, खरंच. पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा जिजी दारात उभ्या होत्या.

"काय सांगी ऱ्हायनी व तू त्याले?"

"काही नई जिजी. गानं शे मडमनं."

पाच-सहा दिवसांनी उखाचे डोळे आले. पापण्या चिकटल्या, पू यायला लागला. सासूबाईंनी मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकलं. मिरच्या ठसकल्या नाहीत. म्हणजे दृष्ट, आणि कडक. "कोनी नजर लागनी मन्हा पोऱ्याले?" त्या विचारत होत्या घराला, पण जिजी माझ्याकडे बघत होत्या. त्यांना ते गाणं आठवलं होतं.

मला ठाऊक होतं काय होणार. वांझेची नजर म्हटल्यावर मला माहेरी पोचवायला उद्याची गाडी जुंपली असती, आणि यांना दुसरी बायको. मी म्हटलं — माझा आवाजसुद्धा हलला नाही — "मडमनी शिकाडं माले. पोऱ्याना कानमा म्हन, अशी म्हने."

झालं. इतकंच. एवढ्यावर सगळे माझ्याकडून फिरले आणि तिच्याकडे वळले. जिजींनी तर मला जवळ घेतलं. बिचारीला फसवलं म्हणाल्या.

आणि मला माहीत होतं. हे लक्षात घे, मला माहीत होतं. कुंभाराच्या पोरीचे डोळे असेच आले होते, आणि बाईने थेंब घालून चार दिवसांत बरे केलेले मी स्वतः पाहिले होते.

बाईला कुठून तरी कळलं. ती थेंबांची बाटली घेऊन आमच्या ओट्यावर आली. सासूबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. बाई पुस्तकी मराठीत समजावत होती, हात जोडत होती, आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं. मग तिने मला हाक मारली. मी शिकवलेल्या बोलीत, "द्वारका, कठे शेस व?" मी आत धान्याच्या कोठीमागे होते. तिला वाटलं असेल, ही येईल आणि सांगेल. मी कोठीच्या गारव्याला गाल लावून उभी राहिले. दोनदा हाक मारली तिने. मग ओट्यावरून चपलांचा आवाज उतरत गेला.

उखाच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं. तो डोळा गेला. दवाखान्यात कुणी फिरकेना, मग तेल्याने घर रिकामं करायला सांगितलं. कपाट बैलगाडीत चढवून बाई नंदुरबार स्टेशनकडे गेली. मला पुढे दोन मुलं झाली. सगळं ठीक झालं, माझं.

उखा आता माझ्यापेक्षा म्हातारा दिसतो. माझ्या पोरांनी केलं नाही ते तो करतो. गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा डोळ्यांत थेंब घालायला घड्याळ लावून दिवसातून चारदा यायचा. एकदा त्याची नात बरोबर होती. तिने विचारलं, आजोबा, तुमच्या डोळ्याला काय झालं? तो हसत म्हणाला, "एक गोरी मडम व्हती, तिनी नजर लागनी." हे तो आयुष्यभर सांगत आला आहे, राग न धरता. मी उताणी पडले होते. त्याने माझी पापणी अंगठ्याने हलकेच वर धरली होती. थेंब पडला, मी डोळा मिटला.

सुरुवातीला म्हटलं ना, अनोळखी माणसाला सांगतेय. तेही पूर्ण खरं नाही. हा कागद उखाच्या हाती पडणार आहे, माझ्या पेटीची किल्ली त्याच्याकडेच असते.

उखा, मडमने तुला कधी हातसुद्धा लावला नव्हता. तुझ्या पाळण्याशी बोलले ती मी. आणि दाराशी आलेलं औषध परत जाऊ दिलं, तीही मीच.