बिडी न पिता बसणारा नासीर

केळीच्या बागेत ट्रक भरून होईपर्यंत ड्रायव्हरला उद्योग नसतो, त्यामुळे शिरपूरकडच्या या टोळीची सगळी नाटकं मला तोंडपाठ आहेत. पुरुष घड कापतात, वाहतात. बाया फण्या धुऊन खोक्यांत भरतात. मध्येच भिकन मुकादम ओरडतो, "बिडी!" म्हणजे सुट्टी. बाया बिडी पीत नाहीत, म्हणून त्यांना सुट्टी नाही. हे इतकं रुळलेलं की कुणी त्यावर बोलतही नसे.

या टोळीतला नासीर म्हणजे चालतं धुराडं. पुढे छातीत घरघर सुरू झाली, घड घेऊन बांध चढवेना. डॉक्टरने दम भरला, घरी त्याची बायको, सकीनाभाभी रडल्या, आणि गड्याने बिडी सोडली. भिकनने लगेच विचारलं, "बिडी पेस नई, ते बसस कसाले?" नासीर घड वाहत राहिला. बाकीचे गडी सावलीत गप्पा हाणतायत आणि हा एकटा उन्हात! आठवडाभरात बिडी पेटवून तो पुन्हा त्यांच्यात जाऊन बसला. लोक म्हणाले, मनाचा कच्चा. कसला कच्चा! माणसाला बिडीपेक्षा माणसांची तलफ जास्त असते.

पुढच्या हंगामात त्याने पुन्हा सोडली. या खेपेला "बिडी!" ऐकताच तोही खाली बसला. भिकनने डोळे वटारले.

"बिडी पेसू नई," नासीर म्हणाला, "पन बससू."

"आज तू बस, उद्या बायाबी बसतीन!" भिकनने टोमणा मारला.

टोमणा त्याच्याच अंगाशी आला. खोकी भरणाऱ्या बेबाबाईने ओले हात पदराला पुसले. "उद्या कसाले? आजच बसतस," म्हणत तिने पाय पसरले. पाठोपाठ साऱ्या बाया बसल्या. मला तर ट्रकचा हॉर्न वाजवावासा वाटला.

तेव्हापासून बाया रोज बसू लागल्या. भिकन मात्र टपलेलाच होता. "नासीर पेवाले लागू दे, मंग दखू," असं तो उघड म्हणायचा. म्हणजे नासीरने पुन्हा बिडी पेटवली, की बायांची सुट्टीही बंद.

मग नासीरचा थोरला भाऊ गेला. त्याला माती देऊन नासीर कामावर आला तेव्हा चेहरा पार उतरलेला होता. सुट्टी झाली. भिकन जवळ आला, आणि खरं सांगतो, त्या दिवशी त्याच्या मनात कपट नव्हतं. खिशातली बिडी काढून तो मायेने म्हणाला, "पे, नासीर. आज कोनी काय म्हनाव नई."

नासीरने बिडी घेतली. काडेपेटीही घेतली. मी मनात म्हटलं, संपलं. काडी हातात धरून त्याने समोर पाहिलं. बाया सावलीत टेकून पाणी पीत होत्या.

त्याने बिडी भिकनच्या हातावर परत ठेवली.

"मी पेटाडी, ते या बायास्ले उठनं पडी."

एवढं बोलला आणि तिथेच, सगळ्यांच्या मध्ये बसून, भावासाठी ढसाढसा रडला.