विहिरीचं पाणी वाढवणाऱ्याचा सत्कार

आज दुपारी वाकडच्या एका हॉटेलात माझा सत्कार होता. हसू नका, खरंच होता!

हवामानबदल आणि पाण्यावर संशोधन करणारी एक संस्था आहे. गेल्या उन्हाळ्यात त्यांचे एक साहेब चऱ्होलीत आमच्या विहिरीत टेप सोडून पाण्याची पातळी मोजत होते. मी म्हणाले, "साहेब, हे विहिरीचं पाणी न्हाई. सकाळीच टँकर रिकामा केलाय हिच्यात."

साहेब हसले. "ताई, ते आमचं आम्ही बघतो."

बघितलं काय, तर अहवालात छापलं की आमच्याकडे भूजल वाढलं! तोच कागद दाखवून सरकारी लोकांनी आमच्या आळीचा टँकर बंद केला. गुडघे धरून चालणाऱ्या माझ्या सासूबाईंनी लांबून हंडे वाहिले. याचं उट्टं काढायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

आणि आज पाणी वाढलेल्या त्याच विहिरीची मालकीण म्हणून माझा सत्कार! पुढच्या रांगेत संस्थेला निधी देणारे चाकणचे कंपनीवाले बसले होते. साहेबांनी मला शाल घातली, माईक दिला. "ताई, पाणी कसं वाढलं ते सांगा."

आमच्या टँकरवाल्या बालाजीभाऊंना मी मुद्दाम सोबत नेलं होतं. त्यांना वर बोलावलं आणि शाल त्यांच्या खांद्यावर घातली. "पाणी यांनी वाढवलं. पाइप लावून."

कंपनीवाल्यांनी तिथंच विचारलं, "बाकीच्या विहिरीही अशाच मोजल्या का?" साहेबांना घाम फुटला. मला अजिबात दया आली नाही.

नंतर साहेब मला बाहेर गाठून म्हणाले, "ताई, आधी सांगायचं होतं ना!"

तुमच्याकडेही कुणी मोजून गेलंय? अहवाल मागवून वाचा. आणि सत्काराला बोलावलं, तर नक्की जा.